दोघं मिळून बहुमत

२ ऑगस्ट, रविवार

पुन्हा तेच! व्हर्जिल जेवायला आला, मी भाजलेले कोबी-खिमा भरलेले पाव, आमचे बिरॉक, पोटभर हाणले, ज्वारीच्या पिकावर बोलला, पावसावर बोलला आणि गेला. व्हॅनबद्दल अवाक्षर नाही.

सख्खा थोरला भाऊ, पण विचारायची सोय नाही. काउंटीचा कारभार बघणाऱ्या बोर्डावर आम्ही तिघंच — मी, तो आणि अध्यक्ष गेलन रप. निवडून आलो त्याच दिवशी काउंटीची वकील टेसा हिनं बजावलं होतं, "तुम्ही बहीणभाऊ मिळून बहुमत. काउंटीच्या कामावर घरी चकार शब्द बोललात तरी ती बेकायदा सभा." बसा आता ज्वारीवर बोलत!

४ ऑगस्ट

सभा. राज्याचं अनुदान सप्टेंबरअखेर बंद होतंय, म्हणजे लोकांना शहरात डायलिसिसला नेणारी व्हॅनही बंद. ती चालवणारी संस्था खाजगी. मी म्हटलं, काउंटीनं पैसे द्यावेत. गेलन उसळलाच — "आपलं काम रस्ते आणि पूल! आज व्हॅन मागतायत, उद्या म्हणतील घरी येऊन केस कापून द्या!" मी म्हटलं, "तुझे कापायला काही फार खर्च यायचा नाही." त्याच्या टकलाकडे बघून सगळे हसले. व्हर्जिल सोडून.

टेसाचं म्हणणं असं की काउंटीला कुणाला नुसते पैसे देऊन टाकता येत नाहीत, पण लोकांसाठी सेवा विकत घेता येते. रीतसर करार केला तर बोर्डाला अधिकार आहे. करार करू की! मतदान अठराला. गेलनचं 'नाही' ठरलेलंच. म्हणजे सगळं व्हर्जिलवर, आणि तो खिडकीबाहेर बघत बसलेला.

७ ऑगस्ट

किराणा दुकानात वायोला डिंकेल भेटली. शाळेत आम्हाला जेवण वाढायची ती. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि नजर अधू म्हणून गाडी चालवणं बंद. "व्हॅन राहील ना गं?" नाही राहिली तर मुलाकडे डेन्व्हरला जावं लागेल म्हणाली. "तिथं मला कोण कुत्रं ओळखतं?"

मी "राहील" म्हणून बसले! कशाच्या जोरावर?

११ ऑगस्ट

कराराचा मसुदा द्यायला टेसाकडे गेले तर आत व्हर्जिल. मला बघितलं आणि उठून दार लावून घेतलं! 'नाही' म्हणायला कायद्याचा आडोसा शोधतोय, दुसरं काय? गेलननं फोडला त्याला.

घरी येऊन धुतलेली भांडी परत धुतली. एका जागी बसवत नाही.

१३ ऑगस्ट

झोप नाही.

१६ ऑगस्ट, रविवार

व्हर्जिल जेवायला आलाच नाही. फोनवर म्हणे, "थकलोय गं." थकलाय! तोंड दाखवायची लाज वाटतेय, असं म्हण. आयुष्यभर लोकांच्या उपयोगी पडलेला माणूस, आणि म्हातारपणी ही अवदसा! त्याच्या वाटचे बिरॉक कुत्र्याला घातले. चीड येतेय, आणि त्याहून जास्त वाईट वाटतंय.

१८ ऑगस्ट

झाला! ठराव मंजूर! दोन विरुद्ध एक!

गेलनचं ठराव वाचणं पुरतं झालंही नव्हतं, तेवढ्यात व्हर्जिल म्हणाला, "माझं हो." एवढंच. वायोला पुढे झाली आणि त्याच्या गळ्यात पडून रडली. मी गर्दीतून त्याच्याकडे पोचेपर्यंत गडी पिकअपमध्ये बसून पसार. गेलन म्हणाला, "पुढच्या निवडणुकीत बघतो तुम्हा भावंडांना." बघ म्हटलं!

आनंद आहे. मग अजून चैन का पडत नाही? भावावर नको नको ते आरोप केले मनातल्या मनात. माफी मागायला हवी.

१९ ऑगस्ट

सकाळीच व्हर्जिल आला. आत येईना, टोपी हातात घेऊन दारातच उभा. "मंगळवारी पहाटे मोकळी आहेस का? डायलिसिसला सोडायला कुणीतरी हवंय."

मला वाटलं वायोलासाठी. "अरे, व्हॅन आहे की आता!"

"मला सोडायला," म्हणाला. "व्हॅनमध्ये बसणार असतो तर माझाच फायदा म्हणून मत देता आलं नसतं. टेसाला विचारून घेतलं. मत तरी दे, नाही तर व्हॅनमध्ये तरी बस म्हणाली."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू व्हॅनचा विषय काढल्याशिवाय राहिली असतीस?"