सीटचा बोल्ट आणि बारा वर्षे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सायकल दुरुस्ती, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. हात थोडे थरथरतात, पण वाटणी डोक्याने केली आहे.

१. दुकान आणि वरची खोली धाकट्या भावाला. दुकानात पाऊल टाकताना तो नाक मुरडतो, तरी त्यालाच. खोलीच्या खिडकीतून टेकडी दिसते. दुपारी जेवून आडवी झाले की टेकडीवरची पायवाट हलकेच खाली वाहू लागते आणि मी सायकलवरून तिच्याबरोबर उतरत असते, ब्रेक न लावता, कुठेही न पोचता. जागेपणी ती वाट मी कधी उतरले नाही. भावाने ती खिडकी बुजवू नये.

२. पाने, पंप आणि स्टँड पलीकडच्या गल्लीतल्या पंक्चरवाल्याला. नऊ वर्षांपूर्वी नेलेला छोटा हातोडाही त्याचाच समजावा. नाहीतरी तो परत येणार नव्हता.

३. भाचीची, म्हणजे याच भावाच्या मुलीची, डोंगरात चालवायची सायकल भाचीला. हिची सीट खाली-वर होते, तिला ड्रॉपर म्हणतात. हँडलवरची कळ दाबून बसले की सीट खाली जाते आणि उतारावर अंगाला मोकळी जागा मिळते. उठून पुन्हा दाबली की आपली आपण वर येते. नुसती उभी ठेवली तर आतले रबरी सील सुकतात. म्हणून रोज सकाळी मी सीटखालची नळी मऊ कापडाने पुसते, कळ दाबून बसते, खाली जाते, उठते. वर येताना ती हळूच श्वास सोडते. दर वेळी वाटते, पोरगी मागे येऊन उभी आहे. मी वळून पाहत नाही.

सीट खाली असताना सायकल सीटला धरून उचलू नये, आत हवा शिरते. ही नळी धरून ठेवणारा बोल्ट मापाच्या पान्यानेच आवळावा. ठरलेल्या जोराला पाना कट् करतो, तिथे थांबावे.

४. हे कलम सर्वांत आधी, भावासमोर, मोठ्याने वाचावे. बारा वर्षांपूर्वी भाची टेकडीच्या त्या उतारावरून पडली. खांद्याचे हाड मोडले. सीट खाली गेलीच नाही, असे ती सांगत होती. "मी कळ दाबली होती, आत्या."

मी सगळ्यांदेखत म्हणाले, "दाबली असतीस तर गेली असती. माझ्या हातचं काम आहे ते."

माझ्या शब्दापुढे पोरीचे कोण ऐकणार? भावाने तिला खोटारडी ठरवले, सायकल बंद केली, ती माझ्या दुकानातच राहिली. पोरगी दूर गेली आणि आमच्याशी जेवढ्यास तेवढी राहिली.

त्याच संध्याकाळी मी सीट खोलली. बोल्ट नको इतका आवळलेला होता, त्यामुळे नळी आतल्या आत अडकली होती. मापाचा पाना भिंतीवरच होता. माझा हात हेच माप, या तोऱ्यात मी तो घेतला नव्हता. पोरगी खरे बोलत होती. मी गप्प बसले, त्याची मला लाज वाटते.

५. इथवर लिहून साक्षीसाठी शेजारच्या शिंप्याला आणि समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावले. नुसती सही करा म्हटले, तरी शिंप्याने चष्मा लावून सगळे वाचले.

"ताई, हे तुम्ही गेल्यावर वाचायचं?"

"हो."

"मग तिनं उत्तर कुणाला द्यायचं?"

डॉक्टरीणबाईंनी फोन माझ्यापुढे सरकवला.

६. भाचीला सगळे सांगितले. सांगताना मला टेकडीची वाट दिसत राहिली आणि तिच्यावरून कोणीच उतरत नव्हते.

"बाबांना सांगितलंस?"

"आज सांगते. इथून उठून तिकडेच जाते."

"सांग." मग तिने विचारले, "सीट अजून वर येते?"

"येते."

"रविवारी येते मी. बोल्ट मी आवळीन."

सबब कलम तीन रद्द समजावे. सायकल मी जिवंतपणी हातात देणार आहे. कलम चार तसेच राहावे. कलम दोनमधून मापाचा पाना वगळावा. तो भाचीचा.

सही: आत्या, सायकलवाली
साक्षीदार: शेजारचा शिंपी, समोरची दातांची डॉक्टरीण
स्थळ: दुकानातले कामाचे टेबल
तारीख: चौदा, गुरुवार, दुपारचे चार