लाकडाखालचं नाव

४ ऑक्टोबर, शनिवार

आजोबांची रायफल आता माझी! बाबांनी कापडात गुंडाळलेली आणून जेवणाच्या टेबलावर ठेवली. "तू कॉलेज पुरं केलंस की तुला द्यायची, असं सांगून गेलेत," एवढंच बोलले आणि कुत्र्यांना खायला घालायला निघून गेले. १९४९ची विंचेस्टर. नळीवर गोळीचं नाव कोरलेलं — थ्री हंड्रेड हॉलंड. आजोबा मार्चमध्ये गेले, पण लाकडाला अजून त्यांच्या तंबाखूचा वास आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

हॉलंडच्या गोळ्या कुठेच नाहीत. आमच्या अॅनाकोंडा गावातली दुकानं झाली, ब्यूट शहरापर्यंत जाऊन आले. एक दुकानदार हसून म्हणाला, "कुठल्या महायुद्धाला निघालीस?" घरात नऊ उरल्यात. शिकारीचा मोसम सव्वीसला उघडतो.

रॉस म्हणतो, "त्या बंदूक-कारागिराकडे, हाउगेनकडे टाक. गोळी बसते ते चेंबर कोरून मोठं करेल, वेदरबीची जाड गोळी बसेल. ती कुठेही मिळते." धाकटा भाऊ, पण जगातलं सगळं त्यालाच कळतं. मी म्हटलं, एकदा कोरलेलं पोलाद परत भरता येत नाही.

"बोलल्या प्रोफेसरीणबाई! मग टांग भिंतीला आणि रोज पुसत बस."

८ ऑक्टोबर

ठरत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

या गावात जे जे होतं ते खणून नेलं, विकलं, नाहीतर बंद पडलं. एक तरी वस्तू बनवली तशी राहावी, असं मला वाटतं. आजोबाही हेच म्हणायचे. कुणी चेंबर वाढवून घेतलं की टर उडवायचे — "आईच्या जुन्या फोटोला लिपस्टिक लावल्यासारखं आहे हे!" आख्ख्या गावात मूळची तशीच राहिलेली विंचेस्टर आपलीच, हा त्यांचा केवढा अभिमान.

पण नऊ गोळ्यांत सराव कसला करणार? नेम चुकून एखादं एल्क हरीण जखमी होऊन रानात पळालं तर? ते पाप मला झेपणार नाही.

बाबांना विचारलं. "तुझी रायफल. तू ठरव." बाबा बंदुकीचा विषयच टाळतात. का ते सगळ्यांना माहीत आहे. गावातली तांब्याची भट्टी बंद पडून बाबांचं काम गेलं तो हिवाळा. आईला माझ्या वेळचा सातवा महिना. आजोबांचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून बाबा एकटेच हीच रायफल घेऊन डोंगरात गेले. दोनशे पावलांवर एल्कची मादी उभी होती. चार गोळ्या झाडल्या — एकही लागली नाही! चर्चने वाटलेल्या डब्यांवर हिवाळा काढला. बाबांनी पुन्हा बंदूक धरली नाही, आणि आजोबांनी तेवीस वर्षं ते बोलणं सोडलं नाही. दर थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीला ताटं वाढताना बाबांकडे बोट करून म्हणायचे, "वॉल्टला हाड द्या. मांस, मांस आणणाऱ्याला." आई, रॉस — सगळे हसायचे. मीसुद्धा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

ठरलं! चेंबरला हात लावायचा नाही. हाउगेनकडून फक्त तपासून घ्यायची, आणि हॉलंडच्या गोळ्या तो हाताने भरून देतो का ते विचारायचं. केवढं हलकं वाटतंय! रॉस म्हणाला, "आजोबा वर बसून टाळ्या वाजवत असतील."

१६ ऑक्टोबर, गुरुवार

नीट लिहिता येत नाहीये.

हाउगेनने वितळलेला धातू चेंबरमध्ये ओतला. माप घ्यायची त्याची पद्धत. थिजल्यावर ढकलून बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला — बोटाएवढा, करडा, अजून कोमट. शेजारी माझी हॉलंडची गोळी उभी केली. दोन्हीचा आकार एक नाही! ओतीव तुकडा खांद्यात चांगलाच रुंद.

"वाढवायचं की नाही म्हणून कसली झुरतेस, पोरी? हे केव्हाच वाढवलेलं आहे."

मी म्हटलं, शक्यच नाही, नळीवर बघा ना! त्याने स्क्रू काढले, नळी लाकडातून उचलून उलटी केली. जो भाग एरवी लाकडात झाकलेला असतो तिथे ठोकलेलं — थ्री हंड्रेड वेदरबी. खाली १९७८.

"माझ्या बापाचे ठोके," हाउगेन म्हणाला. "नवं नाव ठोकल्याशिवाय तो बंदूक दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही. तुझ्या आजोबांना ते दिसायला नको असणार. म्हणून लाकडाखाली."

१९७८! म्हणजे बाबा डोंगरात गेले त्याच्या दोन वर्षं आधी.

यात हॉलंड झाडली तर काय होतं? "उडते. पण गोळीला घर सैल पडतं. जवळचं लागेल. दोनशे पावलांवर? देव जाणे. आणि झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी फुगून बाहेर येते. कुणीही बघितली तर लगेच कळेल."

पुंगळ्या! आजोबा आपल्या पुंगळ्या स्वतः वेचायचे. आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. बाबांच्या चार बर्फात गेल्या.

त्या सकाळी हॉलंडचा डबा बाबांच्या हातात आजोबांनीच दिला होता. स्वतः वेदरबी वापरायचे आणि पोराला हॉलंड देऊन पाठवलं! खरं सांगितलं असतं तर गावात बढाई मारता आली नसती — एवढ्यासाठी?

१७ ऑक्टोबर

जेवण जात नाही. रॉसला सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. मग म्हणाला, "गप्प बस. गेलेल्या माणसाला कशाला उकरतेस?" पण ज्याने तेवीस वर्षं ताटात हाड घेतलं तो माणूस गेलेला नाही!

२२ ऑक्टोबर, बुधवार

आजही सांगितलं नाही. बाबा बटाटे सोलत होते. मी नुसती त्यांच्या हातांकडे बघत बसले. काडीचा कंप नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सांगितलं. धातूचा तुकडा टेबलावर ठेवला, शेजारी गोळी. सगळं एका दमात बोलून टाकलं — लाकडाखालचं नाव, साल, पुंगळ्या. "बाबा, तुमचा हात चुकला नव्हता. रायफलच खोटी होती. आणि आजोबांना ते माहीत होतं!"

वाटलं होतं चिडतील. रडतील. ओरडले असते तरी चाललं असतं. त्यांनी तो तुकडा उचलला, उजेडात फिरवून बघितला, माझ्या हातात परत दिला. मग कोट न घालताच बाहेर गेले आणि कुंपणाशी खूप वेळ उभे राहिले. मी हाक मारली नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

मोसम उघडला. मी गेले नाही. बाबांनी दोघांची कॉफी ओतली आणि समोर बसले. "बंदुकीवर ढकलू नकोस, मार्नी. ती मादी वळून माझ्याकडे बघत राहिली. चारही गोळ्या मी आभाळात झाडल्या."