हाक मारून पाहिलेलं नाव

प्रिय भिंगरे,

फोन हाताशी असताना आईला पत्र लिहायची दुर्बुद्धी कुठून सुचली, असं वाटेल तुला. वाटू दे. फोनवर तू एका हाताने पेशंटच्या तोंडात आरसा धरून असतेस आणि मी काहीही विचारलं की ‘चालेल’ म्हणून मोकळी होतेस. या वेळी मला घाईतलं ‘चालेल’ नको आहे. शिवाय मी दोनदा फोन लावला होता विचारायला. एकदा दाढदुखीवर लवंग बरी की मीठ, असं विचारून ठेवला आणि दुसऱ्यांदा तर तेही सुचलं नाही.

आधी कामाचं सांगते. पाचवी कादंबरी अडली आहे. गोष्ट पूर्ण आहे, शेवटही झालाय, आणि तो बराही झालाय. फक्त नायिकेला नाव नाही. संपादकबाई म्हणतात, महिनाअखेरपर्यंत नाव द्या, नाहीतर पुस्तक पुढच्या वर्षावर जाईल. म्हणजे घोडं नेमकं तिथे पेंड खातंय.

माझी पद्धत तुला ठाऊक आहे. पहिला खर्डा पेन्सिलीने, पाठकोऱ्या कागदांवर. त्यात कुणालाच नाव नसतं. घड्याळजी, थोरली, वरचा भाडेकरू, असं काहीतरी म्हणून काम भागवायचं. लहानपणी तू त्या पेन्सिलींना टोकं काढून द्यायचीस आणि दर टोकामागे एक प्रश्न फुकट मिळायचा. एकदा विचारलं होतंस की या लोकांना आईबाबा नाहीत का, बिननावाची कशी राहतात. दुसरा खर्डा शाईपेनाने, त्या गळक्या काळ्या पेनाने, ज्याच्यापायी माझं मधलं बोट कायम निळं असतं. नावं येतात ती तेव्हा, आणि एकदा शाईत उतरलेलं नाव मी बदलत नाही. पेन्सिलीत असेतो माणसाचं काहीही करता येतं, लग्न मोडता येतं, पाय मोडता येतो. शाईत नाव आलं की ते माणूस उलटून बोलायला लागतं. कॉम्प्युटर सगळ्यात शेवटी, आणि तोही फक्त संपादकबाईंच्या डोळ्यांवर दया म्हणून.

तुझ्या बाबांना ही सगळी उस्तवार वाटते. त्यांनी जन्मभर जमिनी मोजल्या, साखळी जाऊन टेप आला, टेप जाऊन दुर्बीण आली, त्यामुळे अवजार बदललं की काम सुटतं अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी माझ्या मोबाइलमध्ये ती सोय घालून दिली, आपण बोलायचं आणि त्याने लिहायचं. मी मोठ्या हौसेने मागच्या कादंबरीतल्या म्हाताऱ्या कप्तानाचं मरण सांगायला बसले. तेवढ्यात स्वयंपाकघरात बाबांचं आणि प्लंबरचं जुंपलं. मोबाइलने बिचाऱ्याने आपपरभाव केला नाही. कप्तान शेवटच्या घटका मोजताना लेकाचा हात धरतो आणि नळाचा वायसर आजच्या आज बदलून दे, नाहीतर पैसे मिळणार नाहीत, असं बजावतो. संपादकबाईंनी ते वाचलं आणि कळवलं की हा कप्तान पहिल्यांदाच खरा वाटला, राहू द्या. बाबा तेव्हापासून स्वतःला सहलेखक समजतात.

नावाची मात्र माझी परीक्षा एकच, हाक. नाव कागदावर शोभतं की नाही याला काही अर्थ नाही, कागदी नावांची गत नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा अशीच होते. नाव स्वयंपाकघराच्या दारातून जिन्यात मोठ्याने मारून बघायचं. एकदा जेवायला बोलावतो तसं, एकदा रागाने, आणि एकदा घाबरून. तिन्ही वेळा खाली पोचलं तर ते नाव. मध्ये एकदा मी अशीच एका नावाने संतापून ओरडले, तर तळमजल्यावरच्या नव्या भाडेकरणीची सासू धापा टाकत वर आली. तिचं तेच नाव निघालं. माझं काय चुकलं, म्हणून विचारत होती. तिला काय सांगणार? चहा पाजला. आता ती दर दोन दिवसांनी न बोलावता येते आणि आमच्या सोफ्यापासून पडद्यांपर्यंत सगळ्याला नावं ठेवते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

आता नायिकेबद्दल. ही बंदरावर क्रेन चालवते. उंच काचेच्या खोलीत एकटी बसते, खाली जहाजं आणि माणसं, आणि हिच्या हातात दोन दांडे. हट्टी आहे. कुणी घाई केली की मुद्दाम सावकाश काम करते. पाय एवढे लांब की त्या केबिनमध्ये गुडघे कुठे ठेवायचे हा तिचा जन्माचा प्रश्न. काम करताना तोंड मिटून नाकातल्या नाकात गुणगुणते. तिच्यासाठी मी डझनभर नावं जिन्यात मारून पाहिली, एकालाही ती वळली नाही. शाईचा खर्डा झाला तरी तिच्या नावाच्या जागी पानोपान नुसती रेघ. संपादकबाई म्हणाल्या, वाचताना प्रत्येक रेघेपाशी जिन्याची पायरी चुकल्यासारखं होतं. आणखी एक म्हणाल्या, की वादळाच्या प्रकरणात ती गेली तर गोष्टीला वजन येईल. मी तीनदा तसं लिहून पाहिलं. तिन्ही वेळा ती शिडी उतरून खाली आली आणि ओल्या कपड्यांनी घरी गेली. मला तिला मारता येईना आणि का येईना ते कळेना.

मागच्या आठवड्यात एका सकाळी मी पोळपाट धुऊन उपडा घातला, हात पुसले, दारात गेले आणि फारसा विचार न करता हाक मारली. तोंडातून जे नाव निघालं, ते मी ठरवलेलं नव्हतं. मी तशीच उभी राहिले. आतून बाबा आले. अर्ध्या गालावर साबण, हातात रेझर. त्यांनी विचारलं, तुला हे नाव कुणी सांगितलं? मी म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं?

तर भिंगरे, असं उघडकीला आलं की तू आम्हा दोघांनाही सांगितलं होतंस, वेगवेगळं, आणि दोघांकडूनही शपथ घेतली होतीस कुणाला न सांगण्याची. मला, आपण त्या छोट्या खोलीच्या पडद्यांना दुमड घालत होतो तेव्हा, दातात दोरा धरून. त्यांना, ते पाळण्यासाठी भिंत मोजत होते आणि टेपचं दुसरं टोक तुझ्या हातात होतं तेव्हा. मग ते हॉस्पिटल. बाळ आलं, पण रडलं नाही. तू आणि जावईबापू रिकाम्या हातांनी घरी आलात, त्या खोलीत इस्त्रीचं टेबल गेलं, आणि नाव रीतसर ठेवलंच नव्हतं म्हणून ते घेण्याचाही प्रश्न कुणाला पडला नाही. तू दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावतेस आणि या बाबतीत स्वतः मूग गिळून बसतेस, असं मी मनातल्या मनात बोलत आले. पण आम्ही तरी काय केलं? एका टेबलावर समोरासमोर बसून इतकी वर्षं जेवलो, आणि प्रत्येकाला वाटत होतं की हे आपल्या एकट्यापाशीच आहे.

त्या सकाळी आम्ही दोघं रडलो, सरळच सांगते. बाबांच्या गालावरचा साबण वाळून गेला. नंतर बरं वाटलं. ते म्हणाले, पुन्हा एकदा मार. मी मारली. मग ते स्वतः दारात गेले आणि त्यांनी मारली. खालची सासूबाई दारातून डोकावली, आपलं नाव नाही असं बघून आत गेली. दुपारी मी सगळा खर्डा पहिल्यापासून वाचला. हट्ट तुझा आहे. पाय जावईबापूंचे. नाकातलं गुणगुणणं बाबांचं, बेसूर सुद्धा तेवढंच. मला वाटत होतं मी ही बाई हवेतून काढली. पहिल्या पानावर ती जन्मते आणि लगेच टाहो फोडते. शेवटच्या पानावर सत्तरी उलटून गेलेली, गुडघा दुखतोय, आणि बसमध्ये खिडकीच्या जागेवरून कुणाशी तरी भांडतेय.

ते नाव तुझं आहे, तुम्हा दोघांचं. म्हणून या पत्रात मी ते कुठेही लिहिलेलं नाही, आणि विचारल्याशिवाय शाईतही आणणार नाही. सोबत कादंबरीचं पहिलं पान आहे, रेघेसकट, आणि माझं पेन. बाबांनी ते इतक्या कागदांत गुंडाळलंय की सोडवायला तुझा दात काढायचा चिमटा लागेल. दोघांना वाटलं तर त्या रेघेवर तुझ्या अक्षरात नाव लिही आणि पान परत पाठव. पहिल्यांदा ते तूच लिहावंस असं मला वाटतं. नाही वाटलं तर पान कोरंच पाठव. मी का म्हणून विचारणार नाही, आणि ती पुस्तकभर नुसती क्रेनवाली म्हणून राहील. संपादकबाई कुरकुरतील, कुरकुरू देत. महिनाअखेरचंही मनावर घेऊ नकोस, पुस्तकाला वर्षभर थांबता येतं. तू ठरवण्याआधी तुला एकच गोष्ट कळावी म्हणून हे सगळं लिहिलं, कारण तुला ती कधी करून बघता आली नाही. नाव हाकेला चांगलं आहे. तिन्ही तऱ्हांनी मारून पाहिलं. तळमजल्यापर्यंत स्पष्ट ऐकू जातं.

तुझीच, जिन्यात ओरडणारी,
आई