पूर्ण मापाची स्टेपनी

प्रिय बारक्या,

पाकिटावर माझं अक्षर बघूनच तुझ्या लक्षात आलं असेल, की काहीतरी बिनसलंय. मी फोनवर तुझ्याशी धड बोलत नाही, अशी तुझी तक्रार आहे. बाबांच्या हातातून फोन माझ्याकडे येईपर्यंत तुझी निघायची घाई झालेली असते, आणि माझ्या तोंडून 'सगळं बरं आहे' एवढंच निघतं. सगळं बरं नाही. बाबा फिरायला गेलेत, आईचा डोळा लागलाय, म्हणून स्वयंपाकघरात ओट्याशीच लिहायला बसलेय.

आईला व्यायामाच्या दवाखान्यातून परत आणताना गाडी पंक्चर झाली, ते मी तुला हसत हसत सांगितलं होतं. बाबा रस्त्याच्या कडेला जॅक लावून बसले आणि त्यांनी डिकीतून ती कंपनीची पातळ स्टेपनी काढली. एवढ्या गाडीला ते चाक म्हणजे मोठ्या माणसाच्या पायात लहान मुलाचा बूट. आईने खिडकीतून पाहिलं आणि तिला हसू फुटलं. तोंड एका बाजूला ओढलेलं, आवाज नाही, पण खांदे हलत होते. मग आम्ही कडेकडेने रांगत घरी आलो, मागचे सगळे हॉर्न वाजवत पुढे जात होते. मला तुला इतकंच सांगायचं होतं, की अर्धं अंग गेल्यापासून आई पहिल्यांदा हसली. तू नेमकं तेच सोडून बाकीचं ऐकलंस. स्टेपनी पातळ आहे, हे ऐकलंस.

त्याच संध्याकाळी तुझा भलामोठा मेसेज आला. असली चाकं तात्पुरती असतात, ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते, आईला घेऊन जाताना ही जोखीम नको, पूर्ण मापाची स्टेपनी बसवून घ्या. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. गाड्यांच्या कंपनीत ब्रेक तपासण्यातच तुझा दिवस जातो, तुला नाही कळणार तर कुणाला? बाबांनी चष्मा पुसून तो मेसेज वाचला, मग मला वाचून दाखवला, मग आईला. निवृत्त झाल्यापासून त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता. साहेबाकडून काम आलं होतं ना.

बाबा गाडी घेऊन टायरवाल्याकडे गेले, तर त्याने आधी हातच वर केले. डिकीतला खड्डा पातळ चाकासाठी केलेला, त्यात हे जाडजूड चाक बसणार कसं? उलटं घालून पाहिलं, तिरकं घालून पाहिलं. शेवटी तो म्हणाला, "काका, चाक गाडीत घालण्यापेक्षा गाडीच चाकात घाला, सोपं जाईल." बाबा हसलेसुद्धा नाहीत. त्यांनी लांब बोल्ट आणवला, खाली फोम भरला, पुठ्ठ्याचा साचा कापला आणि त्यावरून प्लायवूडची नवी फळी करून घेतली. स्वतः बसून तिला रंग दिला. चाक खड्ड्यातून वीतभर वर आलं होतं, त्यावर ही फळी. डिकीला पोट सुटल्यासारखं दिसत होतं. तुला फोटो पाठवला, तुझा अंगठा आला, आणि बाबांनी तो अंगठा शेजाऱ्यांनाही दाखवला.

आईची चाकांची खुर्ची कुठे राहणार, हे तुम्हा दोघांपैकी कुणालाही सुचलं नाही. मला सुचलं होतं, मी बोललेही होते. "बसेल गं," असं म्हणून बाबा रंगाचा डबा उघडत होते. आधीच ती खुर्ची मिटवून, आडवी करून, गुडघ्याने रेटून कशीबशी बसायची. आता दारच लागेना. मागच्या सीटवर घालावी तर तिची मोठी चाकं दारात अडतात. मागची सीट पाडली तर खुर्ची बसते, पण मला बसायला जागा उरत नाही, आणि आईला एकट्याने उचलणं बाबांच्या कमरेला झेपत नाही. मी एकटी तिला नेऊ शकले असते, पण मला गाडी येत नाही. मैदानात बाबा तुला गाडी शिकवायचे तेव्हा मी मागे बसून खिडकीतून बघायचे, तेवढंच माझं शिक्षण. मी म्हटलं, दवाखान्यापुरतं चाक घरी ठेवू. पंक्चर काय सांगून होतं का, म्हणाले. भाड्याची मोठी गाडी करू म्हटलं, तर घरची गाडी असताना लोक काय म्हणतील. मग त्यांनीच तोड काढली. खुर्ची घरी ठेवायची, दवाखान्यात खुर्च्या असतातच.

असतात, पण रिकाम्या नसतात. दर खेपेला बाबा आत जाऊन खुर्ची शोधायचे आणि आम्ही मायलेकी गाडीत बसून राहायचो. एकदा त्यांना फार वेळ लागला. आईने मला बाथरूमला जायची खूण केली. मी दार उघडलं, तिच्या काखेत हात घातले, तिला उठवलंही, पण बसवायला खुर्ची नव्हती आणि आतपर्यंत उचलून नेणं माझ्याच्याने झालं नाही. बाबा खुर्ची घेऊन येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. शेजारच्या गाडीत एक माणूस होता. तो बघत नसल्यासारखं करत होता, आणि ते आईला दिसत होतं. आयुष्यभर जिने कुणाला आपले केससुद्धा विस्कटलेले दिसू दिले नाहीत, तिने चांगल्या हाताने रुमाल तोंडावर धरला आणि "घरी" म्हणाली. इतका स्वच्छ शब्द तिच्या तोंडून किती महिन्यांनी आला होता. पुढच्या खेपेला निघताना तिने दाराची चौकट धरली ती सोडलीच नाही.

त्यानंतर आम्ही गेलो नाही. मला येतो तेवढा व्यायाम मी घरी करून घेते, पण दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या बाईच्या हाताची सर माझ्या हाताला कुठली? आई कप धरायला लागली होती, बारक्या. कंगवा धरायला लागली होती. आता तिची बोटं पुन्हा तळहातात मिटलीत. रोज सकाळी मी ती एकेक करून उघडते, आणि दुपारपर्यंत ती परत मिटलेली असतात.

गेल्या रविवारी तू हाताचं विचारलंस. फोन स्पीकरवर होता. बाबा म्हणाले, व्यायाम सुटलाय, तिला कंटाळा आला असेल. तिला म्हणजे मला. मी भाजी चिरत होते. मला वाटलं, तू पुढे विचारशील, का सुटला म्हणून. तू म्हणालास, "ताईचं पहिल्यापासून तसंच आहे, धरलं की सोडलं. आईला एखाद्या सेवागृहात ठेवायचं का आता?" आई त्याच खोलीत बसली होती, बारक्या. तिचं बोलणं गेलंय, कान शाबूत आहेत. मी बाहेर आले तेव्हा ती आपला हात चादरीखाली सारत होती.

दुसऱ्या दिवशी मी टायरवाल्याला बोलावून ते चाक काढून टाकलं. बाबा फाटकाशी उभे होते. त्यांनी अडवलं नाही, फक्त म्हणाले, "काही झालं तर मी त्याला काय सांगू?" मी म्हटलं, "ताईने काढलं म्हणून सांगा." खुर्ची डिकीत बसली, दार लागलं. बाबा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. आणि आई गाडीत बसत नाही. मी तिला डिकीतली खुर्ची दाखवली, विनवलं, रागावले, दवाखान्यातली बाई स्वतः येऊन समजावून गेली. आई चौकट धरते आणि मान फिरवते.

तुला दोष द्यायला एवढं लिहिलं असतं, तर मी ते कधीच फाडून टाकलं असतं. माझं तुझ्याकडे काम आहे. मी आईला न्हाऊ घालते, भरवते, तिची बोटं उघडते, पण ती ऐकते तुझंच, अगदी बाबांसारखी. तेव्हा या रविवारी फोन आधी आईच्या कानाला लावायला सांग. सेवागृहाचं नाव काढू नकोस, ब्रेकचं काही समजावू नकोस. एवढंच म्हण, आई, उद्या गाडीत बस. तू म्हणालास तर ती बसेल. हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असणं माझ्या किती जिवावर येतं, ते तुला नाही कळलं तरी चालेल. मी लिहिलं होतं, हे मात्र तिला कळू देऊ नकोस. तुला आपणहून सुचलं, असंच तिला वाटू दे.

तुझीच,
धरलेलं न सोडणारी ताई