गोल चकतीची बरोबर दिशा

४ नोव्हेंबर, सकाळी ८.१०
आजपासून रोज लिहायचं. जपानमधल्या त्सुबामे गावातल्या, पत्रा दाबून भांडी काढणाऱ्या या प्रेसच्या कारखान्यात क्वालिटीचा प्रमुख होऊन अकरा वर्षं झाली, एवढा अनुभव वाया जाता कामा नये.
हॉटेलच्या वाडग्यांची मोठी ऑर्डर आहे. फेरिटिक जातीच्या स्टेनलेसचा पत्रा मी स्वतः निवडला. इतका चकचकीत, की सँपलमध्ये माझ्या दाढीचे खुंट मोजता येत होते. निवड म्हणतात ती ही.

४ नोव्हेंबर, दुपारी
प्रेसमधून पहिले वाडगे निघाले. अंगावर बारीक रेषा, सगळ्या एकाच दिशेने. कॉर्डरॉयची पँट घातल्यासारखे दिसतात. साच्यावर धूळ असणार. प्रेसवाल्यांना झापलं.

५ नोव्हेंबर
साचा तीनदा पुसला. रेषा जागच्या जागी.
होन्माकाकू आल्या. चाळीस वर्षं पॉलिशच्या चाकावर बसतात. वाडग्यावरून नख फिरवून म्हणाल्या, कासुगासाहेब, हा पत्रा आणलाय की कौलं? एकेक घासायला तिप्पट वेळ लागतो, मनगटं कामातून गेली माझी. महिनाअखेर रेषा गेल्या नाहीत तर मी निघाले मुलीकडे.
काकूंसारखा हात आख्ख्या गावात नाही. मालक नागुमो यांचा चहा घशातच अडकला. मी जाहीर केलं, दोन आठवड्यांत शून्य रेषा! सगळे आपापल्या कामाला लागले. निश्चिंत झाले असावेत.

७ नोव्हेंबर
पत्रा बनवणाऱ्या कंपनीचा कुमागाई आला. वय सव्वीस. म्हणे, साचा स्वच्छच आहे, दोष पत्र्याच्या पोटात आहे. धातू ओतताना त्यात लांबच लांब कण तयार होतात. मग पत्रा लाटला की एकाच रोखाच्या कणांचे पट्टे लाटण्याच्या दिशेने पसरतात. सपाट असेपर्यंत सगळे गुण्यागोविंदाने नांदतात. ताणला, की प्रत्येक पट्टा आपापल्या तऱ्हेने दबतो, एक वर राहतो, एक खाली जातो. त्याच त्या रेषा. उपाय एकच, म्हणे, कण आधीच मोडून घेतलेला, दोनदा लाटून मध्ये भट्टीत तापवलेला पत्रा मागवा. तो आम्ही सुचवला होता, साहेब, तुम्हीच हा घेतलात.
मुलगा हुशार आहे, पण पुस्तकी. मी चूक केली असती तर मला कळलं नसतं का?
जेवायला रामेन, डुकराच्या पाठीची चरबी घातलेल्या सूपमधल्या शेवया. फॅट कमी करायचं उद्यापासून.

१० नोव्हेंबर, सकाळी ६.४०
आंघोळ करताना सुचलं! रेषा लाटण्याच्या दिशेने येतात ना? मग वाडग्यासाठी कापलेली पत्र्याची चकती प्रेसमध्ये आडवी फिरवून ठेवायची! एवढं साधं कुमागाईला सुचू नये?

११ नोव्हेंबर
नवी पद्धत लागू. प्रत्येक चकतीवर मार्करने बाण. बाण डावीकडे करायचा, त्याच्याकडे बोट दाखवायचं आणि खणखणीत ओरडायचं, दिशा बरोबर! मगच प्रेस दाबायचा. आमच्या रेल्वेत ड्रायव्हर सिग्नलला करतात तसंच. दिवसभर आवाज घुमत होता. अंगावर काटा आला माझ्या.

१२ नोव्हेंबर
वाडगे आले. रेषा आहेत. पण त्या आता आडव्या आहेत. दिशेत शंभर टक्के बदल.
काकू म्हणाल्या, साहेब, चकती गोल, वाडगा गोल. कसाही फिरवा, रेषा त्याच्याबरोबर फिरणारच. मग वाडगा हातात फिरवून दाखवला आणि म्हणाल्या, बघा, परत उभ्या झाल्या. प्रेसवाले हसले. शिस्त बिघडते ती अशी.

१३ नोव्हेंबर
बहुधा बाण तिरका हवा. ४५ अंश.

१७ नोव्हेंबर
तिरक्या रेषा.
मालकांनी विचारलं, कुमागाई म्हणतो तो पत्रा मागवायचा का? मी म्हटलं, माझा अहवाल पूर्ण होऊ द्या. बत्तीस पानं झालीत. मंजुरीला नऊ विभागांचे शिक्के लागतील. (आमच्याकडे विभाग चारच आहेत. बघू.)

२५ नोव्हेंबर
ओरडण्यात जोर कमी पडतो का? उद्यापासून दोनदा ओरडायचं.

२८ नोव्हेंबर
काकूंचा शेवटचा दिवस. मी अहवालाची प्रत दिली. त्यांनी ती वाडगे ठेवायला खाली अंथरली. जाताना मला वाकून नमस्कार केला, मनगटांना पट्ट्या होत्या. उगीच घाई केली त्यांनी, मी अगदी जवळ पोचलो होतो.

१ डिसेंबर
मालक म्हणाले, पत्रा तुम्ही निवडलात, चाकावर तुम्हीच बसा. तात्पुरती सोय. क्वालिटीवाल्याला हाताचा अनुभव हवाच.

२ डिसेंबर
दिवसभरात एक वाडगा. रेषा पूर्ण गेल्या. त्यांच्यासोबत बुडाचा पत्राही गेला. भोक.

५ डिसेंबर, दुपारी
उजवा हात उचलवत नाही, डाव्या हाताने लिहितोय. काकूंना फोन केला. मुलीने उचलला. म्हणाली, आईला फोन धरता येत नाही, मी कानाशी धरते.
काकूंनी पहिलाच प्रश्न विचारला, गेल्या का हो रेषा?
कमी झाल्यात, असं म्हणणार होतो. तोंडातून आलं नाही. फार लाज वाटली. म्हटलं, नाही गेल्या, काकू. पत्रा मीच चुकीचा घेतला. कुमागाईचं बरोबर होतं. नवा मागवायला सांगतो, तुम्ही या.
काकू म्हणाल्या, साहेब, हे तो पोरगा आला त्या दिवशी बोलला असतात, तर मनगटं शाबूत होती माझी.