देठाची बैठक

९ फेब्रुवारी, सोमवार

काम आलं! दाराची घंटी वाजली तेव्हा वाटलं, शेजारीण असेल. तीन आठवड्यांत दुसऱ्या कुणी वाजवलीच नव्हती.

निघाल्या एक बाई. भूशास्त्र शिकवायच्या, आता निवृत्त. दगड पोटाशी धरून आणला, टेबलावर ठेवतानासुद्धा मला हात लावू दिला नाही. शाळेच्या पाटीएवढा, दोन बोटं जाड, करवतीने कापून घासलेला. मधोमध अंगठ्याएवढा काळा देठ, उभा. त्याच्या दोन्ही बाजूंना राखाडी थर, वहीच्या रेघांसारखे आडवे. जीवाश्म आहे, कुठल्याशा वनस्पतीचा. बाई विद्यार्थिनी असताना त्यांना सापडला. आता कॉलेजला देऊन टाकताहेत, अठ्ठावीसला तिथलं प्रदर्शनाचं नवं कपाट उघडणार. त्याला स्टँड हवा. लाकडी बैठक, बैठकीत पितळी दांडा, दांड्याला दगड धरणारे पंजे.

"भोवती चिखल साचत गेला, तरी हिने मान टाकली नाही. उभ्याने मेली," बाई म्हणाल्या. "तेव्हा उभीच दिसली पाहिजे. केसभर कललेलं मला चालणार नाही."

मग इकडेतिकडे बघत, "लाकडाचं काम तुमचे भाऊ करतात ना?"

"सध्या मीच करते," म्हटलं. चक्क थाप! मी जन्मात एक बैठक केलेली नाही. पण दादा दहा महिने झाले इथे फिरकत नाही आणि त्याला कारण मी, हे गिऱ्हाइकाला कोणत्या तोंडाने सांगणार?

१० फेब्रुवारी, मंगळवार

दगडावर पातळ प्लॅस्टिक चढवलं. पंज्यांना लिपस्टिक लावली, दगडाला टेकवले, लाल डाग कुठे उमटतो ते बघितलं, तिथे कानस मारली. पुन्हा लिपस्टिक, पुन्हा कानस. दगडाला कुठे रुतता कामा नये, नुसता विसावा हवा. माझ्याकडे एकच लिपस्टिक आहे आणि ती फक्त पितळेला लागते. वहिनी एकदा म्हणाली होती, "वन्सं, तुमच्या पितळेचं लग्न आधी होणार."

देठाचं नाव ठेवलं, उभेराव. दिवसभरात माझ्या तोंडून चार वाक्यं निघाली, त्यातली तीन उभेरावांशी. चौथं दूधवाल्याशी.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दांडा झाला. दगड किंचित मागे रेलावा म्हणून तो पायाशी जरासा वाकवावा लागतो. ते मी नजरेने करते. तीस वर्षं नजरेनेच केलं. सुताराला काटकोन बघायला गुण्या लागतो, उभं बघायला ओळंबा लागतो, मला लागत नाही, असं मी चारचौघांत सांगायचे. दादा ऐकून घ्यायचा.

आमची रीत ठरलेली. दुकानाच्या या टोकाला मी दांडा करायचा, त्या टोकाला त्याने बैठक. भोक तोच पाडायचा, दांडा तोच बसवायचा. "सरस वाळेपर्यंत हात लावू नकोस, छोटे." तीस वर्षांत मी रिकामी बैठक कधी हातात घेतली नाही.

दहा महिन्यांपूर्वी एक दिवस घेतली. दादा जेवायला गेला होता, संग्रहालयाचा माणूस सामान न्यायला आला होता. गंमत म्हणून भोकाला गुण्या लावला. भोक तिरकं! दादा दारातून आत आला आणि मी त्या माणसासमोर म्हटलं, "दादा, तुझा हात गेला. साधं भोक सरळ पडत नाही तुझ्याच्याने."

त्याने आपल्या पटाश्या पुसल्या, कापडात गुंडाळल्या आणि गेला. मी त्याला हाक मारायला हवी होती. मारली नाही. माझंच खरं होतं ना!

त्याचा ॲप्रन अजून खुंटीला आहे. धुवावा का, ते ठरत नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

अक्रोडाचा ठोकळा आणला. रंधा मारायला घेतला तर लाकूडच मला मारायला उठलं. दोन फोड आले. दादा रंधा मारायचा तेव्हा कातरणं सुटायची, लांब, अख्खी. माझ्या हातून भुसा पडतो.

पण भोक मात्र सरळ पाडलं. चारी बाजूंनी गुण्या लावून. बघ म्हणावं.

१५ फेब्रुवारी, रविवार

फिरायला म्हणून निघाले आणि पूल ओलांडून दादा मुलाकडे राहतो त्या इमारतीपाशी पोचले. तिसरा मजला. दोरीवर दादाचा निळा शर्ट वाळत होता. कोपरावरचं ठिगळ मीच लावलेलं. दहा मिनिटं समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. एका बाईंनी विचारलं, "कुणाला शोधताय?" म्हटलं, "नाही, बस चुकली." तिथून बस जातच नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

स्टँड उभा केला. उभेराव उजवीकडे कलले! थोडेच, पण थर आडवे असल्यामुळे लपत नाही. भिंतीवरची तसबीर वाकडी असली की दिसते तसं.

ठोकळाच वाकडा असणार. दुसरा घेते.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दुसरी बैठक. भोक सरळ. उभेराव उजवीकडे. तेवढेच.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

टेबल बदललं. जमीन मोजली. भोक पाडायच्या गिरमिटाला शिव्या दिल्या. बाईंचा फोन आला, "झालं का हो?" म्हटलं, "होतच आलंय."

आज फार वाटलं, कुणाला तरी विचारावं. त्या टोकाला स्टूल आहे नुसतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दादा काय करायचा ते बघावं म्हणून दर्शनी कपाटातला आमचा सगळ्यात पहिला स्टँड काढला, शंखाचा. सरस गरम पाण्याच्या फडक्याने सैल केला, दांडा उपसला, भोकात पेन्सिल उभी केली.

पेन्सिल डावीकडे कलली.

मला आनंद झाला, खोटं कशाला लिहू. म्हणजे तीस वर्षांपूर्वीही याचं भोक तिरकंच! मग शंख सरळ कसा उभा होता? दादाच्या पेटीतला ओळंबा काढला, खिळ्याला टांगला आणि त्याच्या दोरीला पाय समांतर ठेवून माझा दांडा धरला.

दांडा उजवीकडे.

दुसरा स्टँड उसवला. तिसरा. कपाटातले पाचही उसवले. प्रत्येक दांडा उजवीकडे, प्रत्येक भोक डावीकडे, अगदी तेवढंच. मग उभेरावांचा नवा दांडा धरला. उजवीकडे.

माझा डावा कान लहानपणीच गेला. उजवा कान पुढे करायची सवय, त्यामुळे मान कायम कललेली. मला ते जाणवतसुद्धा नाही. तशा मानेने सरळ बघायचे आणि नजरेचा तोरा मिरवायचे.

तो तीस वर्षं माझा वाकडेपणा त्याच्या लाकडात जिरवत होता. म्हणून मला रिकाम्या बैठकीला हात लावू द्यायचा नाही. आणि त्या माणसासमोर एका वाक्यात माझं तोंड बंद करू शकला असता. नाही केलं. पटाश्या पुसत बसला.

रडले. लिहून ठेवते, कारण बघायला कुणी नव्हतं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

दांडा शिकंज्यात धरला, ओळंबा लावला, उजवीकडचा कल काढून सरळ केला. दहा मिनिटांचं काम. माझ्या दुसऱ्या बैठकीत घातला. उभेराव ताठ, थर आडवे. बाईंना आजच फोन करता येईल.

म्हणजे आता मला दादाची गरज नाही. हे वाक्य लिहून दोनदा वाचलं. अजिबात आवडलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

नवा ठोकळा घेतला, भोकाच्या जागी फुली मारली आणि पूल ओलांडला. या वेळी वर गेले. दार वहिनीने उघडलं.

"आत्ताच झोपलेत. उठवू?"

"नको, नको." मला हायसं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली. ठोकळा तिच्या हातात दिला. "त्याला म्हणावं, भोक हवंय."

"एवढंच? दहा महिन्यांनी आलात, आणि भोक हवंय?"

"एवढंच म्हण."

"धन्य आहात दोघं," वहिनी म्हणाली. "हे तिकडे खिडकीत बसून असतात, तुम्ही त्या दुकानात. तोंड उघडायला काय होतं हो? आणि दांडा कुठाय? मापाला लागेल ना?"

दांडा पिशवीत होता. काढला नाही. सरळ केलेला दांडा त्याच्यासमोर ठेवायचा म्हणजे सगळं बोलावं लागलं असतं. "जाडी नेहमीचीच," म्हटलं आणि जिना उतरले.

२३ फेब्रुवारी, सोमवार

काही नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

काही नाही. त्याचा ॲप्रन धुतला.

२५ फेब्रुवारी, बुधवार

बाईंना शुक्रवार सांगितलाय. माझी बैठक तयार आहे, काही अडत नाही. तरी दिवसभर एकच कान जिन्याकडे. आहेच एक.

दादाने ठोकळा बाजूला ठेवून दिला असेल. माझी तक्रार नाही. मी असते तर खिडकीतून फेकला असता.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी वहिनी आली. पिशवीत ठोकळा. रंधलेला, कडा मोडलेल्या, तेल पाजलेलं. हात फिरवला तर लोण्यासारखा. आणि मधोमध भोक.

"मी म्हटलं त्यांना, दांडा मागवून घ्या, माप बघा," वहिनी सांगत होती. "तर म्हणाले, तिचा दांडा बघायची गरज नाही. तिचा हात मला ठाऊक आहे."

ती गेल्यावर सरळ केलेला दांडा भोकात घातला. उभेराव डावीकडे कलले. तेवढेच.

दोन्ही बैठका समोर ठेवल्या. एक माझी, ओबडधोबड, भोक सरळ. एक दादाची.

दांडा शिकंज्यात धरला. ओळंबा खिळ्यावरून काढून पेटीत ठेवला. नजरेने, नेहमीसारखा, दांडा पायाशी पुन्हा वाकवला आणि दादाच्या भोकात घातला.

थर आडवे. देठ उभा.

दुपारी दादाला फोन लावला.

"बसला," म्हटलं.

"बसणारच," तो म्हणाला. "मान सरळ धरून बघितलंस ना, छोटे?"