थोरल्या जावयाची ऊब

मानवत,
पौष वद्य पंचमी, शके १९०८

श्रीयुत दिनकरराव यांस धाकट्या साडूचा साष्टांग नमस्कार. (त्यातून कंबर वगळावी, ती सध्या वाकत नाही. का, ते पुढे येईल.) सौ. गीताबाईंचे गुडघे आणि तुमचा स्वभाव दोन्ही नाशिकच्या थंडीत आखडतात असे ऐकतो. दोहोंना आराम असो.

सासूबाईंसाठी तुम्ही पाठवलेला गॅसचा हीटर पोचला. आपल्या मेहुण्याने, चंद्रभानने, लिलावात घेतलेली मॅटाडोर तुम्ही पाहिलीच आहे. पूर्वी ती फिरता दवाखाना होती, आता फिरते घर आहे. आत पलंग, पाण्याची टाकी आणि अजून न गेलेला टिंक्चरचा वास. आईला तीत बसवून देवदर्शन घडवायचे आणि मुक्कामही तीतच करायचा, असा त्याचा संकल्प. पण पौषात पत्र्याच्या घरात माणूस कुल्फीसारखा गोठतो, म्हणून तुम्ही हीटर धाडलात. हेतू उत्तमच. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहून जाळीवर झेंडूचे फूल ठेवले, आणि पहिल्यांदा पेटवला तेव्हा गाडीभर भाजक्या झेंडूचा दरवळ सुटला.

इंग्रजी पुस्तिकेवरून तुम्ही मराठीत उतरवलेल्या सूचना मी त्यांना वाचून दाखवल्या. खिडकी चार बोटे उघडी ठेवावी, कारण ज्योत माणसाच्या वाटणीची हवा खाते. सिलिंडर उभे असावे. अंथरूण दूर असावे. हीटर पेटता ठेवून निजू नये. पण वेदपाठशाळेत लागलेला पोथी वाचण्याचा सूर काही केल्या सुटत नाही. सासूबाई हात जोडून बसल्या, आणि शेवटी याचे फळ काय म्हणून विचारले. हे पाळील तो सकाळी उठेल, असे मी सांगितले. त्यांनी कागदाला नमस्कार करून तो देवाच्या तसबिरीमागे ठेवला. (ऐकण्याचे पुण्य पदरात पडल्यावर पाळण्याची निकड उरत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.)

औंढ्याला नागनाथापाशी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. दर्शन आटोपल्यावर सासूबाईंना गाडीत बसवून, हीटर पेटवून, खिडकी मोजून चार बोटे उघडी ठेवून आम्ही दोघे आरतीला गेलो. परत येऊन पाहतो तो काचांवर दाट वाफ, आणि खिडकीच्या फटीत वाकळ कोंबलेली. दार ओढले. सासूबाई पलंगावर कलंडल्या होत्या आणि माझ्याकडे पाहून हसत होत्या. त्यांची जीभ जड झाली होती. म्हणाल्या, "बन्सीधरराव, तुमच्यावानी गुणाचा जावई न्हाई बघा."

दिनकरराव, लग्न झाल्यापासून या घरात माझ्याविषयी असे वाक्य कुणी उच्चारलेले नाही. विषारी हवा डोक्यात गेली, याला आणखी पुरावा नको होता. चंद्रभानने हीटरची चावी बंद केली, मी सासूबाईंना उचलून बाहेर आणले. (कंबर तिथे गेली.) ओट्यावर टेकवले तर मान टाकलेली, डोळे मिटलेले. तो आडदांड चंद्रभान लेकरासारखा "आई, ए आई" करीत गालावर थोपटत होता. आणि जन्मभर मंत्र घोकलेल्या मला एक अक्षर आठवेना. नुसता पदराने वारा घालत राहिलो, तोही त्यांच्याच.

गार वारा लागला, एक उलटी झाली, आणि डोळे उघडले. मला पाहून कपाळाला आठी पडली. "तुमी धरलंय व्हय? चंद्रभानला धरू द्या. तुमी पाडताल."

एवढे मंगल वचन मी उभ्या आयुष्यात ऐकले नव्हते.

डॉक्टरांना दाखवले, आता प्रकृती ठीक आहे. वाकळ का कोंबली म्हणून विचारले, तर म्हणाल्या, "थोरल्या जावयानं एवढ्या लांबून ऊब धाडली, अन् म्या ती खिडकीतून गावाला वाटू?" हीटर पुन्हा पेटणारच, असा त्यांचा हुकूम आहे. जावयाने दिलेली वस्तू कोपऱ्यात टाकली तर तुमचा अवमान होतो; आणि मी कितीही समजावले तरी मी पडलो धाकटा.

बाकी सर्व क्षेम.

तुमचा,
बन्सीधर

ता. क. – मुख्य काम राहिलेच. हीटर तुम्हालाच परत हवा आहे, असे त्यांना चार ओळींत कळवा. तुमच्या शब्दाबाहेर त्या नाहीत. याला त्यांचा जीव वाचवणे म्हणतात. अवमान वगैरे मागाहून पाहू.

ता. क. दुसरा – वरचे काम आता नको. तुमचे उत्तर येईपर्यंत मला धीर निघेना, म्हणून नाशिकहून निरोप आला असे मीच सांगून टाकले: दिनकररावांचे थंडीने हाल आहेत, हीटर पाहिजे. (प्राणरक्षणासाठी इतक्या असत्याला शास्त्रात सवलत आहे. आधार मागू नये.)

ता. क. तिसरा – उपाय फारच लागू पडला. सासूबाईंच्या डोळ्यांना पाणी आले. जावयाची वस्तू परक्याच्या हाती कशी द्यायची, म्हणून त्या स्वतःच हीटर आणि सिलिंडर घेऊन उद्या मॅटाडोरने नाशिकला निघत आहेत. (वाटेत पेटणार नाही, नळी चंद्रभानच्या खिशात आहे.) तुम्हाला ऊब नीट पोचते की नाही हे जातीने पाहायला थंडी सरेपर्यंत तिकडेच राहतील, आणि वाकळा चार घेतल्या आहेत. हे पत्र आधी पोचले, तर घरातल्या सगळ्या खिडक्यांची तावदाने ताबडतोब काढून टाका. म्हणजे त्या आल्यावर तुम्हाला काकडण्याचे सोंग करावे लागणार नाही.